विजेवर चालणाऱ्या टूथब्रशचा अनुभव: माझा आणि आईचा

इलेक्ट्रिक टूथब्रश वापरायला लागून मला काही वर्षे झाली, आणि आता माझी आईही तसाच वापरते. तो विकत घेण्यापूर्वी जी माहिती माझ्या हाती आली ती बहुतेक किमतीची, बॅटरीची आणि ब्रशच्या मिनिटाला किती हजार फेऱ्या होतात याची होती. प्रत्यक्ष बेसिनसमोर उभे राहिल्यावर तो दातावर कसा धरायचा, किती वेळ धरायचा, हिरडीला त्याचा स्पर्श कसा जाणवतो, बोटे वाकलेल्या माणसाला तो पेलतो का, टँकरच्या जड पाण्यात त्याचे काय होते, या गोष्टी मात्र वापरता वापरताच कळत गेल्या. त्या इथे सविस्तर लिहीत आहे.

सकाळी चूळ टाकताना अधूनमधून रक्ताची छटा दिसू लागली, म्हणून मी दंतवैद्यांकडे गेले होते. डॉक्टरबाईंनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीखाली हलकेच सरकवली. त्या एकेक आकडा सांगत गेल्या आणि त्यांची सहायक तो लिहून घेत गेली. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी तोंडातही एक ते तीन मिलिमीटर खोलीची खाच असते. आकडा चार किंवा त्याहून अधिक आला, तर तिथे जंतूंचा थर साचून हिरडी दातापासून सुटू लागली असण्याची शक्यता असते. माझ्या समोरच्या दातांचे आकडे दोन-तीनच्या पुढे गेले नाहीत, पण दाढांच्या मागच्या अंगाला, विशेषतः वरच्या शेवटच्या दाढांपाशी, चार आणि एके ठिकाणी पाच असे आकडे आले. खालच्या समोरच्या दातांना आतून पिवळसर कीटण चढलेले होते. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात, आणि लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दातावरच्या मऊ थरात उतरून तो थर टणक होतो. एकदा टणक झालेले कीटण कोणत्याही ब्रशने निघत नाही. ते दवाखान्यात स्केलिंग करून, म्हणजे उपकरणाने खरवडूनच काढावे लागते, आणि तसे ते काढले.

पुढच्या भेटीला येताना घरचा ब्रश घेऊन या, असे डॉक्टरबाईंनी सांगितले होते. त्या दिवशी त्यांनी मला आरशासमोर उभे करून दात घासून दाखवायला लावले आणि स्वतः बाजूला उभ्या राहून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा हात चांगला चालतो, पण तो चालतच राहतो. एकाही दातावर थांबत नाही." साधा ब्रश आडवा पुढे-मागे फिरवण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून असते. या हालचालीत समोरच्या दातांना आणि सुळ्यांना सगळ्यात मोठा वाटा मिळतो, दाढांच्या मागच्या अंगापर्यंत ब्रश पोहोचतो तेव्हा तो परत फिरण्याच्या बेतात असतो, आणि दात व हिरडी जिथे मिळतात ती खरी महत्त्वाची रेघ मधल्या मध्ये राहून जाते. त्यांनी सुचवले, "ब्रश हलवायचं काम यंत्राकडे द्या, तुम्ही फक्त कुठे थांबायचं ते बघा." इलेक्ट्रिक ब्रश वापरण्याची सगळी रीत या एका वाक्यात आहे, असे मला आजही वाटते.

तरीही खर्च लहान नव्हता, म्हणून घरी येऊन मी थोडे वाचन केले. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ५६ चाचण्यांचे आणि पाच हजारांहून अधिक लोकांचे निष्कर्ष एकत्र तपासलेले आहेत. त्यानुसार साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने दातांवरचा थर पहिल्या एक ते तीन महिन्यांत सुमारे ११ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्क्यांनी कमी होते. हे आकडे जाहिरातींच्या भाषेपेक्षा पुष्कळ संयमी आहेत, आणि त्यामुळेच मला ते विश्वासार्ह वाटले. साध्या ब्रशने योग्य पद्धतीने आणि पुरेसा वेळ दात घासणाऱ्याचे दात उत्तम राहतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याचा हात थांबत नाही, किंवा ज्याचा हात चालतच नाही, अशांना मात्र या यंत्राचा उपयोग अधिक होतो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात छोटे गोल हेड, म्हणजे केसांचा टोकाचा भाग, असते आणि ते आपल्याच अक्षाभोवती थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे असे वेगाने वळत राहते. दुसऱ्यात हेड साध्या ब्रशसारखे लांबट असते आणि ते मिनिटाला सुमारे ३१ हजार वेळा थरथरते. हा प्रकार सॉनिक म्हणून ओळखला जातो आणि अमेरिकेत १९९२ साली सॉनिकेअर या नावाने तो बाजारात आला. सॉनिक ब्रशमुळे लाळ आणि पाणी घुसळले जाऊन केस पोहोचत नाहीत तिथलीही घाण सुटते, असे उत्पादक सांगतात. दातांच्या फटी मात्र मी त्या भरवशावर कधी सोडल्या नाहीत. त्यांच्यासाठी बारीक इंटरडेंटल ब्रश रात्री फिरवावाच लागतो, आणि डॉक्टरबाईंचेही म्हणणे तेच होते. माझे तोंड लहान आहे आणि अडचण शेवटच्या दाढांची होती, म्हणून मी गोल हेडचा ब्रश निवडला. एका वेळी एकच दात कवेत घेणारे ते हेड गालाच्या आणि दाढेच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सहज जाते.

पहिला प्रश्न चार्जर कुठे ठेवायचा, हा आला. वाघोलीतल्या आमच्या इमारतीत बाथरूममध्ये गिझरचा मोठा सॉकेट तेवढा आहे, आणि तोही भिंतीवर उंच. शिवाय बादलीने अंघोळ होते, त्यामुळे पाणी सगळीकडे उडते. या ब्रशच्या चार्जरला उघडे धातूचे टोक नसते. चार्जरच्या आत एक गुंडाळी असते, ब्रशच्या तळाशी दुसरी असते, आणि पहिलीतल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसरीत वीज निर्माण होऊन बॅटरी भरते. म्हणून ओला ब्रश त्यावर ठेवला तरी झटका बसत नाही. भिंतीतल्या सॉकेटला आणि पिनेला मात्र हे संरक्षण नसते, त्यामुळे मी चार्जर बाथरूमबाहेर पॅसेजमधल्या फळीवर ठेवला. आठवड्यातून एखाद्या रात्री ब्रश त्यावर उभा करून ठेवायचा, एवढे पुरते. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी अशा चार्जरबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे, अशी सूचना माहितीपत्रकात असते आणि ती गांभीर्याने घ्यावी.

सुरुवातीच्या दिवसांत तोंडाला हे सगळे परके वाटते. टाळूजवळच्या बाजूने ब्रश फिरताना विलक्षण गुदगुल्या होतात, नाकाच्या शेंड्यापर्यंत थरथर पोहोचते, आणि ब्रशचा मागचा प्लास्टिकचा भाग समोरच्या दाताला लागला तर डोक्यात खडखड ऐकू येते. पेस्ट नेहमीएवढी घेतली तर इतका फेस होतो की दोन मिनिटे तोंडात धरवत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी होते. ब्रश दाताला टेकवून ओठ थोडे मिटल्यावरच बटण दाबायचे आणि तोंडातून काढण्यापूर्वी बंद करायचे, म्हणजे आरशावर शिंतोडे उडत नाहीत. बेसिनवर थोडे वाकून उभे राहिले की लाळ आणि फेस आपोआप खाली पडतो, गिळावा लागत नाही. या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण अनेकजण पहिल्या आठवड्यातच ब्रश कपाटात टाकून देतात ते याच कारणांमुळे. आमच्या ओळखीतल्या तीन घरांत असे पडून राहिलेले ब्रश मी पाहिले आहेत.

सुरुवातीला रक्तही थोडे अधिक आले. ज्या जागांना आजवर केसांचा स्पर्श झाला नव्हता तिथली सुजलेली हिरडी पहिल्यांदाच घासली जात होती. डॉक्टरबाईंनी याची कल्पना आधीच दिली होती: हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येते, थर निघत गेला की सूज उतरते आणि रक्त थांबते, त्या भागाला हात लावायचे सोडून दिले तर थर वाढतो आणि सूजही वाढते. दोन-एक आठवडे नियमित आणि हलक्या हाताने घासूनही रक्त येतच राहिले, तर पुन्हा दाखवायला या, असेही त्यांनी बजावले होते. माझ्या बाबतीत ते त्याआधीच थांबले.

सगळ्यात अवघड भाग हाताला गप्प बसवण्याचा होता. यंत्र सुरू झाले की हात आपल्या सवयीने पुढे-मागे होऊ लागतो, आणि मग ब्रश प्रत्येक दातावरून नुसता घसरत जातो. सांगितलेली रीत अशी आहे: हेड दाताच्या बाहेरच्या अंगाला टेकवायचे, त्याची कड हिरडीच्या रेघेकडे थोडी कललेली ठेवायची, दोन-तीन सेकंद तिथेच थांबायचे, दाताच्या गोलाईबरोबर हेड किंचित वळवून पुढची फट गाठायची आणि मग शेजारच्या दातावर जायचे. बाहेरचे अंग झाले की आतले, आणि शेवटी चावण्याचा पृष्ठभाग. ब्रश दर तीस सेकंदांनी क्षणभर अडखळतो, म्हणजे तोंडाचा एक चतुर्थांश भाग संपवून पुढे जायचे असते. दोन मिनिटे झाल्यावर तो वेगळ्या लयीत थांबून पूर्ण वेळ झाल्याचे सांगतो. इथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. एका चतुर्थांशात अक्कलदाढ सोडली तर सात दात असतात. तीस सेकंद सातांत वाटले तर एका दाताला चार सेकंदांहून थोडे अधिक मिळतात, आणि प्रत्येक दाताची तीन अंगे धरली तर एका अंगाला जेमतेम दीड सेकंद येतो. दोन मिनिटे हा वेळ ऐकायला मोठा वाटतो, पण हा हिशेब मांडल्यावर तो किमान वेळ आहे हे पटते. मी कोणत्याही रात्री ती सूचना मिळताच लगेच थांबत नाही. शेवटच्या दाढांपाशी आणि खालच्या दातांच्या आतल्या अंगाला पुन्हा एकदा जाते.

वरच्या शेवटच्या दाढेच्या बाहेरच्या अंगापाशी पोहोचण्याची एक युक्ती डॉक्टरबाईंनी दाखवली, तिचा मला फार उपयोग झाला. आपण दात घासताना तोंड जितके मोठे उघडता येईल तितके उघडतो. पण तोंड पूर्ण उघडले की खालच्या जबड्याच्या हाडाचे वरचे टोक पुढे येऊन नेमक्या त्याच दाढेशेजारची जागा अडवते आणि गालही ताणला जातो. तोंड अर्धवट मिटून जबडा त्याच बाजूला किंचित सरकवला की गाल सैल पडतो, जागा मोकळी होते आणि हेड दाढेच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जाते. साध्या ब्रशच्या लांब डोक्याने हे साधणे मला कठीण गेले असते. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या अंगाला हँडल उभे धरून एकेक दात घ्यावा लागतो. कीटण तिथेच सर्वांत लवकर चढते, म्हणून मी आता सुरुवात तिथूनच करते. थकवा आणि कंटाळा येण्याआधी ती जागा होऊन जाते.

दाबाविषयी स्वतंत्र लिहायला हवे. दाताचे इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे, त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण हिरडी खाली सरकली की उघडे पडणारे दाताचे मूळ त्या मानाने मऊ असते. जोरात आणि आडवे घासत राहिल्याने तिथे खाच पडू शकते आणि थंड पाणी लागले की झिणझिण्या येतात. माझ्या ब्रशमध्ये दाब वाढला की लाल दिवा लागतो आणि हेडची गती मंदावते. पहिल्या काही दिवसांत तो दिवा डावीकडच्या सुळ्यापाशी वारंवार लागत असे, कारण उजव्या हाताने काम करताना जोर त्या बाजूला जास्त पडतो. हँडल मुठीत आवळून न धरता पेन धरल्याप्रमाणे बोटांच्या टोकांत धरल्यावर दिवा लागणे बंद झाले. ज्या मॉडेलमध्ये दाबाची सूचना देणारी सोय नाही ते स्वस्त असले तरी घेऊ नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. वेगवेगळे मोड, मोबाइलमधले ॲप, रंगीत पडदा यांवाचून काही अडत नाही, या दिव्यावाचून मात्र अडते.

आंबट खाल्ल्यावर लगेच दात न घासण्याचा नियमही आम्ही घरात पाळू लागलो. तोंडातील सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात, आणि मऊ पडलेल्या पृष्ठभागावर ब्रश फिरवणे योग्य नाही. लिंबू सरबत, कोकम, आवळा घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबायचे. रात्री घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून अनेक चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे पेस्टमधील फ्लोराइड दातांवर राहते. आपल्याकडे चुळा भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे ही सवय जडायला वेळ लागला.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा चारचे आकडे तीनवर आले होते, पाचची जागा चारवर होती, आणि सळई फिरवताना रक्त आले नाही. यातले किती श्रेय स्केलिंगचे, किती फटीतल्या ब्रशचे आणि किती या यंत्राचे, हे वेगळे काढता येणार नाही. खालच्या दातांमागे कीटण थोडे होतेच, पण त्याचा थर पूर्वीपेक्षा पातळ होता.

याच सुमारास आईच्या दातांचा प्रश्न समोर आला. आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि तिला कित्येक वर्षांपासून आमवात आहे. तिची बोटे पेरांपाशी वाकली आहेत, मनगट पूर्ण वळत नाही, आणि साध्या ब्रशची बारीक दांडी तिच्या पकडीतून निसटते. ती ब्रश मुठीत धरून मान हलवत कसेबसे समोरचे दात घासत असे आणि मागच्या दाढा बोटाने चोळत असे. तिचे बालपण सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. तिथे सकाळी राखुंडी बोटावर घेऊन दात घासायची पद्धत होती आणि मोठ्या बायका भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावत. आईने मशेरी कधी लावली नाही, याचे मला फार समाधान वाटते. बोटावरचा तिचा विश्वास मात्र पक्का होता, आणि यंत्राचे नाव काढताच तिने हात झटकला.

पहिल्यांदा ब्रश सुरू करून दाढेला टेकवला तेव्हा ती दचकून म्हणाली, "अगं, तोंडात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतंय. काढ ते." मी आग्रह केला नाही. पुढचे काही दिवस ब्रश बंद ठेवूनच तिने तो तोंडात फिरवला, म्हणजे हँडलचे वजन आणि हेडचा आकार तिच्या ओळखीचा झाला. मग तो सुरू करून तळहातावर, नंतर गालाला बाहेरून टेकवला, आणि शेवटी सर्वांत मंद गतीवर समोरच्या दातांना. थरथर कुठून येते आणि बटण दाबले की ती हमखास थांबते, याची खात्री पटल्यावर तिची भीती गेली. घरातल्या वृद्ध माणसांना हा ब्रश द्यायचा असेल तर एवढा धीर धरावा. एका सकाळीत ते होत नाही.

जाड हँडलचा तिला लगेच फायदा झाला. ज्या मुठीत बारीक दांडी टिकत नव्हती त्या मुठीत हे हँडल बसले, कारण बोटे पूर्ण मिटावी लागत नाहीत. अडचण बटणाची होती. रबराच्या आवरणाखालचे ते बटण दाबायला अंगठ्यात जोर लागतो आणि तिच्या अंगठ्यात तो नाही, त्यामुळे ती दुसऱ्या हाताच्या तर्जनीच्या पेराने बटण दाबते. बेसिनसमोर आम्ही एक स्टूल ठेवले आहे. ती बसते, दोन्ही कोपरे बेसिनच्या कडेवर टेकवते, दोन्ही हातांनी हँडल स्थिर धरते आणि मग हात न हलवता स्वतःची मान हळूहळू वळवते. दात ब्रशपाशी येतात आणि पुढे सरकतात. ही रीत तिची तिनेच शोधली. ती पाहून डॉक्टरबाईंना मोठा आनंद झाला, कारण तिचा हात खरोखरच थांबलेला असतो आणि एकही दात घाईत सुटत नाही. दोन मिनिटे तोंड उघडे ठेवून तिचा जबडा दुखतो, म्हणून वरचे दात झाले की ती थोडी विश्रांती घेते. तिची खालची अर्धी कवळी काढता येण्यासारखी आहे. ती वेगळी काढून साध्या मऊ ब्रशने आणि पाण्याने धुतो, तिच्यावर इलेक्ट्रिक ब्रश चालवत नाही.

या ब्रशचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला अतिशय भावली. पहिला यशस्वी इलेक्ट्रिक टूथब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी तयार केला. ब्रॉक्सोडेंट हे त्याचे नाव. तो थेट घरातल्या विजेच्या तारेला जोडावा लागत असे, आणि तो मुळात ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा बसवलेल्यांसाठी योजला होता. १९६१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने बॅटरीवर चालणारा, पुन्हा चार्ज करता येणारा ब्रश आणला आणि मग तो सर्वांच्या उपयोगाची वस्तू झाला. आज त्याच्याकडे हौसेची, महागडी वस्तू म्हणून पाहिले जाते. पण आईला कोणाच्या मदतीवाचून स्वतःचे दात स्वतः घासता येतात हे रोज पाहताना, तो ज्यांच्यासाठी जन्माला आला त्यांच्यापर्यंतच आपल्याकडे सर्वांत कमी पोहोचला आहे, याची खंत वाटते. आमवात, कंपवात किंवा पक्षाघात झालेल्या माणसाच्या औषधांची चौकशी सगळे करतात, पण तो दात कसे घासतो हे फारसे कोणी विचारत नाही.

वाघोलीत टँकरचे पाणी अनेक महिने येते आणि ते जड असते. नळांवर, बादल्यांवर जसा पांढरा क्षार बसतो तसा तो ब्रशच्या दांड्यावर आणि हेडच्या जोडातही बसतो. हेड जिथे हँडलवर बसते त्या जोडात पेस्ट आणि पाणी साचून राखाडी, बुळबुळीत मळ तयार होतो. त्यासाठी प्रत्येक वेळी हेड काढून आतून-बाहेरून धुवावे, दांडा कापडाने पुसावा आणि दोन्ही वेगळे उभे ठेवून वाळू द्यावेत. शेवटचे धुणे आम्ही फिल्टरच्या अर्ध्या पेलाभर पाण्याने करतो, त्यामुळे क्षार बराच कमी बसतो. पूर्वी आईचे लाल दंतमंजन घरात असे, ते मी या ब्रशवर कधीच घेऊ दिले नाही. त्याचे खरखरीत कण जोडात अडकतात आणि एवढ्या वेगाने दातावर घासले जाणे मला योग्य वाटत नाही.

चालू खर्च हेडचा आहे. तीन महिन्यांनी हेड बदलावे लागते. केसांचा निळा रंग अर्ध्यापर्यंत उतरला की वेळ झाली असे समजायचे, आणि त्याआधीच केस बाहेर फाकले तर दाब जास्त पडत आहे हे ओळखायचे. सुरुवातीला आम्ही दोघी एकच हँडल वापरत होतो. हेडच्या तळाशी वेगवेगळ्या रंगांची कडी असतात, त्यामुळे माझे आणि तिचे हेड कधी बदलले नाही. एका हेडला दोन-तीनशे रुपये आणि त्याहून अधिक पडतात, म्हणून एकदा ऑनलाइन मिळणारी स्वस्त हेड मागवली. ती दांड्यावर सैल बसत होती, सुरू केल्यावर खडखडत होती, आणि केसांची टोके बोटाला टोचत होती. चांगल्या ब्रशच्या केसांची टोके घासून गोलसर केलेली असतात, कारण तीक्ष्ण टोकांनी हिरडी सोलवटते. ती हेड मी टाकून दिली. हँडलवर बचत करता येते, हेडवर करू नये.

गावी किंवा कोकणात जाताना चार्जर नेण्याची गरज पडत नाही, पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर सहज पुरते. पिशवीत बटण दाबले जाणार नाही असे हँडल ठेवावे, नाहीतर ब्रश सुरू होतो आणि पोहोचेपर्यंत बॅटरी संपते. ओला ब्रश बंद डबीत दिवसभर राहू नये, एवढे पाहावे.

माझ्या पहिल्या हँडलची बॅटरी कालांतराने दमत गेली. पूर्वी आठवडाभर चालणारा ब्रश दोन दिवसांत मंदावू लागला, आणि मंद ब्रशने घासणे म्हणजे केस दातावर नुसते टेकवणे. सेवा केंद्रात चौकशी केली तेव्हा हँडल पाणी न शिरण्यासाठी कायमचे बंद केलेले असते, बॅटरी बदलून मिळत नाही, नवे घ्या, असे उत्तर मिळाले. बाकी सगळे यंत्र धडधाकट असताना एका छोट्या बॅटरीसाठी ते टाकून द्यावे लागणे मला मनापासून खटकते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि असे हँडल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकता कामा नये. सोसायटीत ई-कचरा गोळा करायला गाडी आली तेव्हा ते मी तिथे दिले.

त्यानंतर दोघींसाठी स्वतंत्र हँडल घेतली. जुन्याला बसणारीच हेड चालतील आणि बॅटरी लिथियम-आयनची असेल, एवढे मी पाहिले. आईला मी दुकानातच घेऊन गेले होते. काउंटरवर तिने एकेक हँडल दोन्ही हातांत धरून पाहिले, तर्जनीच्या पेराने प्रत्येकाचे बटण दाबून पाहिले, आणि विक्रेता महाग मॉडेलचे गुण सांगत असताना तिने त्यातले साधे, मधल्या किमतीचे एक बाजूला काढले, कारण त्याचे बटण सर्वांत हलके होते.